पोराचं पुण्यातलं घर आणि माझी सही

कुणी कामं आटोपून बसली असेल, कुणी भाकरी थापता थापता ऐकत असेल. आज मी दुधाचं, कोंबड्यांचं काही सांगणार नाही. आज बोलायचंय शहरातल्या घराच्या कर्जाबद्दल. तुम्ही म्हणाल, आपलं घर गावात, आपल्याला त्याचं काय? पण आपल्या माण-खटावची कितीतरी पोरं पुण्या-मुंबईत आहेत. ती घर घ्यायला निघाली की पहिला फोन आपल्यालाच येतो. "आई, पाटल्या मोडायच्या का?" नाहीतर, "आई, एक सही लागेल." मला दोन्ही फोन आले.

माझा थोरला चाकणच्या एका कंपनीत आहे. हातात ३२ हजार पगार. सून दवाखान्यात काम करते, तिचे १४ हजार. भोसरीला भाड्याच्या खोलीत सहा वर्षं काढली. दर अकरा महिन्यांनी करार संपला की भाडं वाढणार, नाहीतर खोली बदलायची. त्यामुळे घर घ्यायची त्यांची घाई मला समजत होती.

एका रविवारी त्याने मला घर दाखवायला नेलं. गावाबाहेर, रस्ता कच्चा, इमारत नवी. चौथ्या मजल्यावर वन बीएचके, २२ लाख. खाली एजंटाचं टेबल आणि त्याला लागूनच कर्जवाल्याचं टेबल. एजंट म्हणाला, "बँकेत चपला झिजतील मावशी. इथे आठ दिवसांत कर्ज. तुम्ही फक्त सह-कर्जदार म्हणून सही करा, तुमच्या नावावर जमीन आहे ना!" मी विचारलं, व्याज किती? तो म्हणाला, "व्याजाचं कशाला बघता? हप्ता बघा. २३ हजार ४०० फक्त." पोराने तोवर ५१ हजार इसार देऊनही टाकला होता. मला न विचारता. कागद सगळे इंग्रजीत.

मी चौदा वर्षं गटाचं पुस्तक लिहितेय. व्याज न सांगता कुणी हप्ता सांगितला की माझा हात आपोआप मागे येतो. मी म्हटलं, आज सही नाही. आधी दुसरीकडे विचारू. पोरगा रागावला. परतताना एसटीत बसेपर्यंत माझ्याशी बोलला नाही.

घरी येऊन हिशोब मांडला. २० लाखांचं कर्ज, २० वर्षं. त्या टेबलावरचा दर, खोदून विचारल्यावर कळला तो, शेकडा १३. म्हणजे एकूण परतफेड ५६ लाखांच्या वर. तेच कर्ज शेकडा ९ ने घेतलं तर हप्ता १७ हजार ९९५ आणि एकूण ४३ लाख १९ हजार. मधला फरक १३ लाखांचा. आपल्या बायांचा एक घोळ इथे होतो, माझाही झाला होता. गटात आपण महिन्याला शेकडा दोन घेतो, म्हणजे वर्षाला २४. त्यापुढे १३ काय आणि ९ काय, दोन्ही स्वस्तच वाटतात. पण गटाचं १० हजारांचं कर्ज दहा महिन्यांत फिटतं, त्याला व्याज लागतं ११०० रुपये. घराचं कर्ज वीस वर्षं चालतं. दर कमी असला तरी काळ खातो. ९ टक्क्यांनीसुद्धा २० लाखांवर २३ लाख व्याजच जातं.

मुदतीचं तर फारसं कुणी सांगतच नाही. तेच २० लाख, तोच ९ चा दर, पण वीसऐवजी पंधरा वर्षं घेतली तर हप्ता २० हजार २८५ होतो. महिन्याला २ हजार २९० जास्त. आणि वाचतात साडेसहा लाखांहून अधिक. ज्यांना झेपेल त्यांनी हे नक्की बघावं. ज्यांना झेपणार नाही त्यांनी ओढून-ताणून घेऊ नये. पोराच्या घरी शाळेचा खर्च आहे, म्हणून आम्ही वीस वर्षंच घेतली.

मग आम्ही फिरलो. सूनबाईने सुट्टी काढली, मी गावाहून गेले. एक सरकारी बँक, एक घरकर्ज देणारी कंपनी आणि एक सहकारी बँक. सरकारी बँकेतल्या मॅडमनी पगाराच्या पावत्या बघितल्या आणि म्हणाल्या, "घराचे कागद द्या. मंजूर नकाशा, बिनशेतीचा आदेश, महारेराचा नोंदणी नंबर." एजंटाकडे मागितले तर तो आज देतो, उद्या देतो. शेवटी नकाशाची झेरॉक्स मिळाली. बँकेच्या वकिलाने ती बघून सांगितलं, परवानगी तीनच मजल्यांची आहे. आणि आमचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर! ज्या मजल्याला परवानगीच नाही, तो कागदावर नाहीच. बँक तो गहाण कसा घेणार?

पोराचा चेहरा तेव्हा बघवत नव्हता. एजंट ज्याला "बँकेची कटकट" म्हणत होता, ती कटकट म्हणजे ही तपासणी होती. बँक कागद तपासते ते स्वतःचे पैसे बुडू नयेत म्हणून, आपल्या मायेपोटी नव्हे. पण फायदा आपल्याला होतो. एखाद्या घराला कुठलीच बँक कर्ज देत नाही आणि एकच टेबलवाला देतो, तर आधी घराबद्दल विचार करा, कर्जाबद्दल नंतर. इसाराचे ५१ हजार मागायला पाच महिने फेऱ्या मारल्या, ३० हजार परत मिळाले. बाकीचे गेले. नव्या घराची चौकशी महारेराच्या संकेतस्थळावर फुकट करता येते. आणि नोंदणीकृत करार झाल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त पैसे घेता येत नाहीत, हा कायदाच आहे.

दुसरं घर मिळालं ते जुन्या सोसायटीत, २६ लाखांना. दुसऱ्या मजल्यावर, नकाशात असलेल्या! या वेळी बँकेच्या वकिलाशिवाय आमचाही एक वकील लावला. त्याची फी मला जड गेली नाही.

आता हातात किती पैसे लागतात ते सांगते, कारण सगळ्यांचा अंदाज इथेच चुकतो. कर्ज ३० लाखांपर्यंत असेल तर घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत बँक देऊ शकते. बाकीचे आपले. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी त्या किमतीत धरत नाहीत, तेही आपल्यालाच भरावे लागतात. पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर ६. नवरा-बायको दोघांच्या नावावर घेतलं तर ही सवलत नाही. नोंदणी फी एक टक्का, जास्तीत जास्त ३० हजार. आमच्या घराला सुनेच्या नावामुळे २६ हजार वाचले.

त्या २६ हजारांवरून घरात जे झालं ते पैशांत मोजता येणार नाही. आमचे मालक म्हणाले, "पोरगा हप्ते भरणार आणि घर सुनेचं?" मी म्हटलं, तीही भरणारच आहे. आणि मी चाळीस वर्षं ज्या घरात राबतेय त्याच्यावर माझं नाव कुठे आहे? ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "करा तुमच्या मनासारखं."

माझ्या सहीचा प्रश्न राहिलाच होता. बँकेतल्या मॅडम म्हणाल्या, "मावशी, तुम्ही सह-कर्जदार झालात तर तीन लाख जास्त मिळतील." मी विचारलं, मॅडम, सह-कर्जदार म्हणजे नक्की काय? त्यांनी नीट सांगितलं, त्यांचे उपकार. हप्ते थकले तर बँक पोराकडे मागेल तसं माझ्याकडेही मागेल, अर्धं नाही, सगळं. हे कर्ज माझ्याही नावावर दिसेल आणि मला उद्या दोन म्हशींसाठी कर्ज काढायचं असेल तर ते आडवं येईल. मी रात्रभर झोपले नाही. सकाळी पोराला म्हटलं, बाळा, पाटल्या घे, पण सही नाही करणार. जमीन आणि गट हे माझं म्हातारपण आहे. महिनाभर तो फोनवर हं-हं करत होता. त्याला वाटलं, आईचा विश्वास नाही. विश्वासाचा प्रश्न नव्हता. कंपनी बंद पडली तर पोरगा गावी येईल ना, तेव्हा त्याला यायला जमीन शिल्लक पाहिजे. तीन लाखांऐवजी पाटल्या आणि त्याच्या पीएफमधले पैसे घालून आम्ही कर्ज २० लाखांवरच ठेवलं. तुमच्यापैकी कुणी सही करेलही. परिस्थिती बघून करा. पण समजून करा, पोराचं तोंड उतरलं म्हणून नको.

पोराच्या सिबिलचंही एक सांगते. त्याने हप्त्यावर मोबाइल घेतला होता, त्याचे दोन हप्ते चुकले होते. मोबाइल कधीच फुटला, पण नोंद राहिली. त्यामुळे दर थोडा जास्त सांगितला गेला. हा अहवाल वर्षातून एकदा प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून फुकट मिळतो. घर बघायच्या सहा महिने आधी काढून बघा, चूक असेल तर दुरुस्त करायला वेळ मिळतो.

तीन ठिकाणचे दर तोंडी घेऊ नका. ऑक्टोबर २०२४ पासून कर्ज देणाऱ्याने एक कागद द्यावाच लागतो, त्याला की फॅक्ट स्टेटमेंट म्हणतात. त्यात दर, हप्ता, सगळ्या फिया आणि या सगळ्याचा मिळून वर्षाचा खरा खर्च किती टक्के पडतो ते लिहिलेलं असतं. कर्जदाराला समजेल त्या भाषेत तो द्यायचा असतो, म्हणून मराठीत मागा. तो हातात आल्यावर विचार करायला किमान तीन कामाचे दिवस मिळतात. आम्ही तीन कागद जमिनीवर शेजारी-शेजारी मांडले. त्या कंपनीचा दर दिसायला बँकेएवढाच होता, पण फिया धरून खर्च वर गेला होता. अर्धा टक्का फरक लहान वाटतो, २० लाखांवर वीस वर्षांत तो दीड लाख होतो.

दर बदलता की कायमचा, हेही विचारा. बँकांची बदलत्या दराची गृहकर्जं ऑक्टोबर २०१९ पासून बाहेरच्या दराला बांधलेली असतात, बहुतेक ठिकाणी रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराला. घरकर्ज कंपन्यांना हे बंधन नाही. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो ४ वरून साडेसहावर गेला. तेव्हा कितीतरी लोकांचा हप्ता तेवढाच राहिला, पण मुदत गुपचूप वाढली. म्हणून ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं की हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारलं पाहिजे. २०२५ मध्ये रेपो खाली आला तेव्हा सूनबाई स्वतः जाऊन विचारून आली, आमचा दर किती उतरला म्हणून.

विम्याच्या वेळी पुन्हा एकदा ताठ व्हावं लागलं. सह्यांच्या गठ्ठ्यात ६० हजारांच्या विम्याचा कागद होता. "कर्जातच बसवतो, खिशातून काही जाणार नाही." मी आकडा मांडला. ६० हजारांवर वीस वर्षं व्याज धरलं की जवळजवळ १ लाख ३० हजार होतात. विमा हवाच, कमावत्या माणसाचा भरवसा काय. पण तो त्याच ठिकाणी घेण्याची सक्ती नाही. आम्ही बाहेरून वेगळा काढला.

सरकारी योजनेचं थोडक्यात. शहरी पंतप्रधान आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात, १ सप्टेंबर २०२४ नंतरच्या कर्जाला व्याजात मदत आहे. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ९ लाखांपर्यंत, घर ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत असावं. मदत जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, पाच वर्षांत मिळून. पण देशात कुठेही नवरा, बायको किंवा त्यांच्या लग्न न झालेल्या मुलांच्या नावावर पक्कं घर नको. आपण गावचं घर कौतुकाने पोराच्या नावावर करून ठेवतो, ते इथे आडवं येतं. आमचं मालकांच्या नावावर होतं, म्हणून अर्ज करता आला.

कर्ज मिळाल्यावर बँकेने हप्त्यांचा तक्ता दिला. सूनबाईने मला फोनवर वाचून दाखवला. पहिल्या वर्षी भरायचे २ लाख १६ हजार आणि त्यातून मुद्दल फिटणार फक्त ३७ हजार. ती म्हणाली, "आई, हे बरोबर आहे का हो?" मी वहीत करून बघितलं. बरोबरच होतं. सुरुवातीला व्याजच जास्त जातं. बदलत्या दराच्या घरकर्जात आधी पैसे भरले तर दंड लावता येत नाही. म्हणून दिवाळीच्या बोनसचे २५ हजार तिने मुद्दलात भरले. पुढच्या हप्त्यांत नाही, मुद्दलातच जमा करा, असं लिहून दिलं आणि पोच घेतली.

आता आमच्या गटातल्या एकीची मुलगी पनवेलला घर बघतेय. येत्या सोमवारच्या बैठकीत वसुली झाली की तिचे कागद मांडून बसायचं ठरलंय. तुमच्यापैकी कुणाकडे असे कागद आले असतील तर घेऊन या, चष्मा मात्र विसरू नका. येते, नमस्कार.