फिशआय लेन्स आणि आपली पीजे

आज गप्पा फिशआय लेन्सच्या, पण निमित्त आपल्या पीजेचं. पाचोरा-जामनेर नॅरोगेज. दोन रुळांमधलं अंतर फक्त ७६२ मिलिमीटर, एकूण मार्ग ५६ किलोमीटर. मार्च २०२० च्या लॉकडाऊनमध्ये गाडी थांबली. आता ब्रॉडगेज करून ती थेट आपल्या बोदवडपर्यंत आणायचं मंजूर झालंय, साधारण ८४ किलोमीटर. बोदवडकर म्हणून आनंद आहेच. पण नवी लाईन आली की जुनी छोटी लाईन फक्त फोटोत उरणार. म्हणून ते फोटो कसे काढायचे, हा प्रश्न महत्त्वाचा.

आधी लेन्स समजून घेऊ. साध्या लेन्समध्ये सरळ रेषा सरळच येते, पण १८० अंश एका फ्रेममध्ये बसवणं तिला गणितानेच अशक्य आहे. कारण ९० अंशांचा टॅन्जंट अनंत होतो. फिशआय हे जमवते, आणि त्याची किंमत म्हणून रेषा वाकवते. फक्त फ्रेमच्या मध्यबिंदूतून जाणारी रेषा वाकत नाही.

आता गंमत बघा. दोन रुळांच्या मधोमध उभं राहायचं आणि रूळ लांब जिथे एकत्र मिळाल्यासारखे दिसतात, तो बिंदू बरोबर फ्रेमच्या मध्यावर ठेवायचा. दोन्ही रूळ एकदम सरळ येतात! वाकतात ते स्लीपर. कॅमेरा थोडा जरी खाली झुकवला, की रुळांचा धनुष्य झालाच.

धोका वेगळाच आहे. फिशआय लावली की ड्रामा यावा म्हणून आपण आपोआप खाली बसतो. ४५ सेंटिमीटर उंचीवरून नॅरोगेजचे रूळ जेवढे फाकलेले दिसतात, जवळजवळ तेवढेच १६७६ मिलिमीटरच्या ब्रॉडगेजचे रूळ एक मीटर उंचीवरून दिसतात. म्हणजे फोटो भारी येतो, पण पीजेचं छोटेपणच गायब! आणि जपायचं तर तेच आहे ना?

म्हणून माझा नियम सोपा आहे. रूळ, स्टेशनची इमारत, पाटी यांच्यासाठी साधी लेन्स, उभं राहून, शेजारी एक माणूस किंवा मीटरपट्टी ठेवून. फिशआय डब्याच्या आत वापरायची. तिथे मागे सरकायला जागाच नसते, त्यामुळे बाकडी, खिडक्या, छत सगळं एकाच फ्रेममध्ये येतं. लेन्स आधी कॅलिब्रेट करून ठेवली तर ओपनसीव्हीच्या फिशआय मॉड्यूलने त्या रेषा नंतर सरळही करता येतात. मूळ फाईल मात्र डिलीट करू नका.

मोबाईलवाल्यांनो, तुमचा अल्ट्रावाईड बहुतेक वेळा सॉफ्टवेअरने रेषा आधीच सरळ करून देतो. कडेला उभा माणूस ताणल्यासारखा दिसतो तो त्यामुळेच. तेव्हा माणूस मध्यावर घ्या.

तुमच्या घरी वरखेडी, शेंदुर्णी, पहूर, जामनेर स्टेशनचे जुने फोटो असतील तर स्कॅन करा, मागे तारीख आणि जागा लिहा. ब्रॉडगेज येईल तेव्हा लहान पोरं विचारतीलच, "आधीची गाडी केवढी होती?" तेव्हा दाखवायला खरं माप हवं. भेटू पुढच्या भागात!