धरणाखालचे गरुड

गरुड म्हटला कीं, आपल्याकडे विष्णूचें वाहन डोळ्यांपुढें उभें राहतें. अमृतकुंभ हरण करणारा आणि सर्पांचा काळ असा तो. अमेरिकेच्या राजमुद्रेवर १७८२ सालीं जो गरुड विराजमान झाला, तो मात्र मुख्यतः मासे खाऊन राहणारा आणि प्रसंगीं मेलेल्या जनावरावरहि भूक भागविणारा पक्षी आहे. त्यामुळें त्याचें तेज कमी होतें असें नव्हे. पण त्याला डोळे भरून पाहावयाचें तर ऐन हिंवाळ्यांत एखाद्या धरणाच्या पायथ्याशीं जावें लागतें.

विस्कॉन्सिन संस्थानांत त्याच नांवाची नदी वाहते. प्रेअरी दु सॅक गांवाच्या किंचित् वरच्या अंगाला, वीज उत्पन्न करण्यासाठीं तिच्यावर बांधलेलें धरण १९१४ सालीं पुरें झालें. मागें जें पाणी तुंबलें त्याचें सुमारें ९,००० एकरांचें सरोवर झालें. हें नदीवरील शेवटचें धरण. येथून मिसिसिपीस मिळेपर्यंत सुमारें ९२ मैल तिला कोणी अडवीत नाहीं. जानेवारींत सरोवर गोठून जातें; लोक त्या बर्फाला भोंकें पाडून गळ टाकून बसतात. धरणाच्या खालीं मात्र पाणी खळखळत असतें. बर्फाखालचें पाणी यंत्रचक्रांतून वेगानें बाहेर पडतें आणि सारखें ढवळत राहतें, म्हणून त्यावर बर्फाचा थर धरत नाहीं. चक्रांतून निसटतांना कांहीं मासे अर्धमेलेहि होतात. भुकेल्या गरुडाला याहून सोईचें अन्नछत्र कोठें मिळणार?

उत्तरेकडील तळीं गोठलीं कीं गरुड दक्षिणेस सरकूं लागतात. त्यांना थंडीचें भय नाहीं. पाण्यावर झांकण पडलें म्हणजे पुढचें ताट जातें, एवढेंच. कांठच्या निष्पर्ण कॉटनवूड वृक्षांवर मग ते येऊन बसतात. काळसर तपकिरी अंग, शुभ्र डोकें, शुभ्र शेपटी, पिवळी चोंच. पंख पसरले तर सहा-सात फूट. इंग्रजी नांवावरून कित्येक जण त्याला टकला समजतात. पण त्याचें डोकें पिसांनीं भरलेलें असतें. हा शुभ्रपणा पांचव्या वर्षाच्या सुमारास येतो. तोंवर पोर तपकिरी आणि ठिपकेदार दिसतें, आणि नवखा मनुष्य त्याला दुसराच पक्षी समजून पुढें जातो. कोकणच्या किनाऱ्यावर उंच झाडावर घरटें करणारा, पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड ज्यांनीं पाहिला असेल, त्यांना या पक्ष्याची बसण्याची ऐट ओळखीची वाटेल. तो याचा जवळचा आप्त होय.

पाहावयास गेलेल्या नवख्याची प्रथम निराशा होते. गरुड बसून असतो. तासभर लोटला तरी बसूनच. मध्येंच एखादा फांदी सोडतो, पाण्याला समांतर येतो, पाय पुढें करतो आणि मासा उचलतो. तोंच दुसरा त्याच्यावर तुटून पडतो व घास हिसकावूं पाहतो. बेंजामिन फ्रँकलिन यांनीं १७८४ सालीं आपल्या मुलीला लिहिलेल्या पत्रांत या पक्ष्याच्या चालचलणुकीबद्दल नापसंती दर्शविली होती, ती अशाच लुटारूपणाबद्दल. परंतु कडाक्याच्या थंडींत अन्न शोधणाऱ्याला मनुष्याचे नीतिनियम लावणें थोडें कठोरच.

त्या बसण्याचें मर्म असें कीं, हिंवाळ्यांत प्रत्येक उड्डाण म्हणजे खर्च. दिवस लहान, रात्र दीर्घ. दिवसा मिळविलेल्या उष्णतेवर रात्र काढावयाची. मोटार उभी राहिली तर गरुड बहुधा हालत नाहीं. पण दार उघडून मनुष्य खालीं उतरला, झाडाकडे चालूं लागला, कीं तो उडतो. आणि पाहणाऱ्याच्या दोन घटकांच्या कौतुकासाठीं त्याची पुंजी खर्च होते. म्हणून जाणते प्रेक्षक मोटारींतूनच किंवा दूरच्या कांठावरून दुर्बीण लावून पाहतात.

इतकी काळजी घेण्यास कारणहि आहे. चार्ल्स ब्रोली नांवाचे कॅनडांतील एक बँक-मॅनेजर निवृत्त झाल्यावर, साठीच्या घरांत, फ्लॉरिडांतील उंच झाडांवर चढून गरुडांच्या पिलांच्या पायांत कडीं घालूं लागले. हा उद्योग १९३९ सालीं सुरू झाला. (निवृत्तींत मनुष्य काय करील याचा नेम नाहीं!) १९४७ पासून त्यांना घरटीं तर दिसत, पण पिलें कमी कमी सांपडूं लागलीं. पुढें उलगडा झाला कीं, डी. डी. टी. हें कीटकनाशक पाण्यांतून माशांत आणि माशांतून गरुडांत उतरत होतें. त्यामुळें अंड्यांचीं टरफलें पातळ होऊन फुटत. १९६३ सालीं अलास्का व हवाई वगळून उरलेल्या ४८ संस्थानांत पांचशेंहूनहि कमी जोडपीं उरलीं. १९७२ सालीं अमेरिकेंत त्या द्रव्याच्या बहुतेक उपयोगांस बंदी झाली. २००७ सालीं हा पक्षी संकटग्रस्तांच्या यादींतून निघाला आणि २०१८-१९ च्या गणनेंत त्याच ४८ संस्थानांत ७१,४६७ जोडप्यांचा अंदाज करण्यांत आला.

शिशाचें विष मात्र अजून शिल्लक आहे. शिकारी हरणाचीं आंतडीं रानांत टाकून जातात. त्यांत शिशाच्या गोळीचे कण असतात, आणि हिंवाळ्यांत गरुड तीं खातो. २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत ३८ संस्थानांतील १,२१० गरुड तपासले होते. त्यांपैकीं जवळजवळ निम्म्यांत दीर्घकाळच्या शिसेबाधेच्या खुणा आढळल्या. तांब्याच्या गोळ्या बाजारांत मिळतात, आणि कांहीं शिकारी त्या वापरूंहि लागले आहेत.

सायंकाळीं नदीवरील गरुड एक-एक करून निघतात. सॉक सिटीच्या खालच्या अंगाला फेरी ब्लफ म्हणून एक झाडीची टेकडी आहे. वारा अडविणाऱ्या तिच्या कुशींत ते रात्र काढतात. हिंवाळाभर त्या टेकडीची वाट मनुष्यांस बंद असते. प्रेक्षक दुर्बिणी मिटून गांवाकडे परततात, आणि अंधारांत धरणाच्या पाण्याचा आवाज तेवढा चालूं राहतो.