सगळीच मूळव्याध नव्हे

आजचा विषय जेवताना काढण्यासारखा नाही, हे मला ठाऊक आहे. कुणी ताटावर बसलं असेल तर आवाज थोडा बारीक करा, पण रेडिओ बंद करू नका.

मूळव्याध म्हणजे काय हे मी तुम्हाला सांगायला नको. माझी तक्रार वेगळीच आहे. बसायच्या जागी काहीही झालं की आपल्याकडे त्याला एकच नाव. दुखलं, मूळव्याध. रक्त दिसलं, मूळव्याध. हाताला काही लागलं, मूळव्याध. मग औषधाच्या दुकानात जायचं, आजूबाजूला ओळखीचं कुणी नाही ना ते बघायचं आणि हळूच म्हणायचं, ‘मूळव्याधीचं मलम द्या.’ दुकानदारही काही विचारत नाही. आणि महिन्या-दोन महिन्यांनी तोच माणूस माझ्यासमोर खुर्चीच्या कडेला, एका अंगावर टेकून बसतो. त्या बसण्यावरूनच मला शंका येते, की ही मूळव्याध नसावी. ही चीर असणार. फिशर.

आज एवढंच लक्षात ठेवा. चीर दुखते, मूळव्याध गळते. बाकीचं विसरलात तरी चालेल.

असं का होतं? गुदद्वाराच्या आत थोड्या अंतरावर एक रेषा असते. तिच्या खालची कातडी आपल्या बोटाच्या कातडीइतकीच हळवी. तिच्या वरच्या अस्तराला मात्र कापल्याचं दुःख कळत नाही. चीर पडते ती रेषेच्या खाली. आतली मूळव्याध होते ती वर. तिथे रक्तवाहिन्यांनी भरलेलं मऊ अस्तर तुम्हा-आम्हा सगळ्यांनाच असतं. कुंथून कुंथून ते सुजतं, खाली सरकतं आणि लालभडक रक्त ठिबकतं, कधी धारही लागते. दुखत मात्र नाही.

चिरेचं तसं नाही. शौचाला खडा होतो, तो बाहेर येताना कातडी फाटते, बहुतेक वेळा मागच्या बाजूला, बरोबर मध्यावर. कापल्यासारखी कळ येते. रक्त म्हणाल तर थोडंसंच, मळावर एखादी रेघ किंवा धुताना हाताला लागेल इतकं. पण उठल्यावरही ठणका थांबत नाही. कुणाचा तासाभराने जातो, कुणाचा दुपारपर्यंत राहतो.

थंडीत टाचेला भेग पडते ना, ती डोळ्यांपुढे आणा. रात्री कोकमाचं तेल कढवून भरता. सकाळपर्यंत भेग जरा मिटल्यासारखी होते. आणि दिवस उजाडला की त्याच टाचेने अनवाणी खडकाळ अंगणात चालता. भेग पुन्हा उकलते. तेल वाईट होतं का? नाही, चालणं वाईट होतं. चिरेचंही तेच. मलम रात्री लावलं आणि सकाळी पुन्हा खडा झाला, तर मलम बिचारं काय करणार? शिवाय भेगेच्या भीतीने आपण पाऊल आखडून टाकतो. इथेही आतला स्नायू आखडतो. तो आपल्या हुकमातला नाही, सैल सोडीन म्हटलं तरी सुटत नाही. आखडला की तिथला रक्तपुरवठा कमी होतो आणि जखम भरत नाही. दुखेल म्हणून माणूस शौचाला जाणं टाळतो, मळ आणखी सुकतो आणि दुसऱ्या दिवशीचा खडा आणखी कडक. लहान मुलं पाय आवळून कोपऱ्यात उभी राहतात ती याचमुळे. आयांनो, तो हट्ट नसतो हो. मुलांना रागावू नका.

आणि जुन्या भेगेची कड जाड होते, निबर होते. जुन्या चिरेच्या टोकालाही कातडीचा असा एक लोंबता तुकडा तयार होतो. सगळा घोटाळा इथे होतो. तो तुकडा हाताला लागतो आणि घरात जाहीर होतं, ‘कोंब आला!’ मग त्या कोंबावर उपाय सुरू. भिंतीवरची जाहिरात वाचून कुणी इंजेक्शन घेऊन येतं, कुणी जाळणारा लेप लावून येतं. असे भाजलेले पेशंट मी पाहिलेत, त्यावर बोलायला एक वेगळा कार्यक्रमच हवा.

म्हणून पुन्हा सांगते. चीर दुखते, मूळव्याध गळते. अपवाद आहे. बाहेरच्या मूळव्याधीत कधी रक्ताची गुठळी होते, तेव्हा निळसर, टणक गाठ येते आणि पहिले दोन-तीन दिवस जीव नकोसा होतो. पण ती गाठ अचानक येते आणि सतत दुखते, शौचाला जा की न जा. पू येत असेल, ताप असेल, तर ते तिसरंच काहीतरी, त्याच दिवशी दाखवा. चीर मध्यावर नसून बाजूला असेल, तर क्षयासारखं मूळ दुखणं शोधावं लागतं. ते डॉक्टर बघतील.

ताज्या चिरा बहुतेक शस्त्रक्रियेवाचून, सहाएक आठवड्यांत भरतात. कोमट पाण्याच्या टबात दहा-पंधरा मिनिटं बसा. त्या पाण्यात जंतुनाशक ओतू नका, कातडी आणखी चरचरते. दिवसाला 25 ते 30 ग्रॅम चोथा पोटात जाऊ द्या. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, पेरू, रात्री इसबगोल आणि त्यावर भरपूर पाणी. सुरण खा, चांगलाच आहे, पण सुरण खाल्ला म्हणजे तपासणी झाली असं नव्हे. स्नायू सैल करणारं मलम निराळं असतं, ते चिठ्ठीवरच घ्या. त्यातल्या एकाने काहींचं डोकं दुखतं, तसं झालं तर मनानेच बंद न करता विचारा. आणि संडासात मोबाइल कशाला हो नेता?

काचेपलीकडून दोन बोटं दाखवताहेत, म्हणजे दोन मिनिटं उरली. तर मुख्य काळजी.

दुखणारा माणूस आज ना उद्या येतोच, दुखणंच त्याला घेऊन येतं. मला धाक असतो तो न दुखणाऱ्यांचा. दुखत नाही ना, मग जाऊ दे. बाळंतपणानंतर सुरू झालेलं रक्त बाई वर्षभर अंगावर काढते, जिना चढताना धाप लागते, तेव्हा कळतं की अंगात रक्तच उरलं नाही. आणि न दुखता पडणारं प्रत्येक रक्त मूळव्याधीचंच असतं असंही नाही. मोठ्या आतड्याचा कर्करोगही सुरुवातीला दुखत नाही. रक्त मळात मिसळलेलं असेल, मळ काळा डांबरासारखा होत असेल, शौचाची सवय अलीकडे बदलली असेल, वजन घटत असेल, वय पंचेचाळिशीपुढे असेल किंवा घरात कुणाला आतड्याचा कर्करोग झालेला असेल, तर ‘माझी जुनीच मूळव्याध आहे’ हे वाक्य कृपा करून म्हणू नका. दुर्बिणीची तपासणी...

बरं, वेळ संपली. डॉक्टरकडे जाताना स्वतःच नाव ठरवून जाऊ नका. दोनच गोष्टी सांगा, दुखतं का आणि किती वेळ, रक्त पडतं का आणि कसं. आणि तपासू द्या. लाज आम्हाला वाटत नाही, तुम्हीही बाळगू नका.