वजनात बसला का?

रायगडमधल्या जिते, हमरापूर, पेण या पट्ट्यात मैदान म्हटलं की कबड्डी आधी आठवते. कुमार गटाला वयाची अट २० वर्षं, वजनाची ७० किलो. त्यामुळे सामन्याआधी एकच चौकशी : ‘वजनात बसला का?’ अर्धा किलो उतरवायचा म्हणून एखादं पोर रात्री उपाशी झोपतं.

फुटबॉलला अशी वजनाची अट नाही. तरीही व्यावसायिक संघांच्या अकादम्यांमध्ये मुलांची मापं ठरावीक दिवसांनी घेतात. ती कशासाठी?

पहिलं कारण, वजनकाटा अर्धंच सांगतो. ६५ किलोच्या दोन मुलांपैकी एकाच्या अंगात स्नायू जास्त असतील, दुसऱ्याच्या चरबी. म्हणून कॅलिपर नावाच्या चिमट्याने दंड, पाठ, पोट, मांडी, पोटरी इथल्या कातडीची घडी मिलिमीटरमध्ये मोजतात. तयारीच्या व्यावसायिक फुटबॉलपटूत चरबी साधारण १० टक्क्यांच्या आसपास असते, गोलरक्षकात थोडी जास्त. पण हा आकडा मोठ्यांचा. वाढत्या मुलाला त्यासाठी उपाशी ठेवलं, तर वाढच खुंटायची.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. मुलगे झपाट्याने उंच होतात ते साधारण चौदाव्या वर्षी. पण कुणी बाराव्या वर्षीच ताडमाड होतो, कुणी सोळाव्या वर्षी. आधी पाय लांबतात, मग धड. म्हणून उभ्या उंचीबरोबर बसलेली उंचीही मोजतात. त्यावरून मुलगा वाढीच्या कुठल्या टप्प्यावर आहे, याचा अंदाज येतो. याच काळात काहींचं गुडघ्याखालचं हाड दुखू लागतं. अशा वेळी धावणं आणि उड्या कमी करायच्या असतात, ‘दुखणं सहन कर’ म्हणायचं नसतं. इंग्लंडमधल्या अकादम्यांनी तर वयाऐवजी वाढीचा टप्पा पाहून मुलांचे सामने लावून बघितले.

फुटबॉलची ही वाट आपल्यापासून दूर नाही. २०१७ साली सतरा वर्षांखालील फुटबॉल विश्वचषकाचे सामने नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाले. त्या स्पर्धेत भारतीय संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. रिलायन्स फाउंडेशनची निवासी अकादमीही नवी मुंबईतच आहे. उद्या जित्याचा एखादा मुलगा रोह्याहून येणारी गाडी पकडून निवड चाचणीला जाईल, तेव्हा ‘आमचं पोर बुटकं आहे’ ही धास्ती घरच्यांनी बाळगू नये. सुनील छेत्री आणि मेस्सी, दोघांचीही उंची १७० सेंटिमीटरच्या आसपास.

गावच्या प्रशिक्षकांना महागडं यंत्र लागत नाही. भिंतीवर टेप, एक स्टूल, एक काटा आणि एक वही पुरे. दर तीन महिन्यांनी, सकाळी, अनवाणी मोजा आणि तारखेसह लिहून ठेवा. जेवणात डाळ, अंडी, मासळी, भाकरी पोटभर असू द्या. आणि तेराव्या वर्षी बुटका दिसला म्हणून कुणाचं नाव वगळू नका. दोन वर्षं वही भरू द्या, मग ठरवा.