दीर्घ दुखणे आणि मनोवृत्ती



अंथरुणास खिळलेल्यास सहनशीलतेचा उपदेश करणे आम्हां निरोग्यांस फार सोपे जाते. साध्या पडशाने मात्र आम्ही घर डोक्यावर घेतो! संत दामियन १८७३ साली मोलोकाई बेटावर कुष्ठरोग्यांच्या सेवेस गेले. पुढे कढत पाण्यात पाय बुडवूनही त्यांस वेदना झाली नाही. १८८५ साली त्यांस तोच रोग जडल्याचे निश्चित झाले. आज त्यावर औषध आहे, तेव्हां नव्हते. ते खिन्न होत, एकाकीपणाने व्याकूळ होत, हे आम्ही का लपवावे? खिन्नता सरल्यावर कामास लागू, असे मात्र त्यांनी केले नाही. १५ एप्रिल १८८९ रोजी ते निवर्तले. अखेरचे अंथरूण धरीपर्यंत कलावाओ येथील देवळाचे वाढीव बांधकाम त्यांनी चालूच ठेविले होते.