अस्तेय, शेजारधर्म आणि वायफाय



आजचा विषय वाचून काहींना वाटले असेल, एवढ्या क्षुल्लक गोष्टीवर व्याख्यान कशाला? शेजाऱ्याच्या वायफायला पासवर्ड नाही, आपल्या मोबाइलला ते आपोआप सापडते, आपण चार निरोप पाठवले, एखादे भजन ऐकले. यात शेजाऱ्याचे काय गेले? प्रश्न वरकरणी बिनतोड आहे आणि म्हणूनच त्याचे उत्तर नीट शोधले पाहिजे.

महाभारताच्या शांतिपर्वात शंख आणि लिखित या ऋषिबंधूंची कथा आहे. बाहुदा नदीच्या काठी दोघांचे वेगवेगळे आश्रम होते. एकदा लिखित थोरल्या भावाच्या आश्रमात गेला. शंख घरी नव्हता. झाडे पिकल्या फळांनी लगडली होती. लिखिताने ती तोडली आणि खाल्ली. शंख परतल्यावर त्याने धाकट्या भावाला स्पष्ट सांगितले, की ही चोरी झाली, राजाकडे जा आणि दंड माग. सुद्युम्न राजा क्षमा करावयास तयार होता, पण लिखित हटला नाही. त्याचे हात तोडले गेले. पुढे नदीत स्नान करताच ते त्याला परत मिळाले. तेव्हा त्याने भावाला विचारले, मग तूच मला शुद्ध का केले नाहीस? शंखाचे उत्तर असे, की दंड देणे हा माझा नव्हे, राजाचा अधिकार आहे.

तो कठोर दंड आज कोणी मागणार नाही. परंतु फळे भरपूर होती, अडवणारे कोणी नव्हते आणि मालक तर सख्खा भाऊ होता. तरीही विचारल्यावाचून घेणे ही चोरीच ठरली, हे ध्यानात घ्यावे. पतंजलींनी यमांमध्ये अहिंसा आणि सत्य यांच्या पाठोपाठ अस्तेय सांगितले, त्याचा अर्थही हाच. धन्याला तोटा किती झाला, हा हिशेब नंतरचा. त्याने दिले होते काय, हा प्रश्न पहिला.

आता राजदंडाकडे वळू. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ नुसार मालकाच्या वा प्रभारी व्यक्तीच्या परवानगीवाचून संगणक-जाळ्यात प्रवेश करणाऱ्यावर नुकसानभरपाईची जबाबदारी येते. २००८ च्या दुरुस्तीने जाळ्याच्या व्याख्येत बिनतारी माध्यमाचा स्पष्ट उल्लेख आला. तेच कृत्य अप्रामाणिक वा कपटी हेतूने केल्यास कलम ६६ अन्वये ३ वर्षांपर्यंत कारावास किंवा ५ लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पासवर्ड नव्हता, एवढ्याने परवानगी सिद्ध होत नाही. रेल्वे स्थानकावरील वायफाय सर्वांसाठीच ठेवलेले असते. शेजाऱ्याचे तसे नसते. सिंगापूरमध्ये २००७ साली एका १७ वर्षांच्या मुलाला शेजाऱ्याचे वायफाय परस्पर वापरल्याबद्दल न्यायालयाने १८ महिने देखरेखीखाली ठेवले होते.

परंतु ‘शेजाऱ्याचे काय जाते’ याचे खरे उत्तर आपल्याच महाराष्ट्रात मिळाले. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत साखळी स्फोट झाले, ५६ जणांचे प्राण गेले. स्फोटांच्या काही मिनिटे आधी प्रसारमाध्यमांना धमकीचा ईमेल आला होता. पोलिसांनी माग काढला, तो नवी मुंबईत सानपाड्याच्या एका सदनिकेपाशी येऊन थांबला. तेथील रहिवाशाचे वायफाय खुले होते आणि ते वापरणारे निराळेच होते. चौकशीचा ससेमिरा मात्र त्या गृहस्थामागे लागला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये माटुंग्याच्या एका महाविद्यालयाचे आणि १३ सप्टेंबरच्या दिल्ली स्फोटांच्या वेळी चेंबूरच्या एका कंपनीचे वायफाय अशाच रीतीने वापरले गेले. फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वायफाय सुरक्षित राखण्याविषयी सेवापुरवठादारांना निर्देश दिले.

असे का घडते? घरातील सगळी उपकरणे एकाच राउटरमधून बाहेर पडतात आणि बाहेरच्या जगाला बहुधा त्या जोडणीचा एकच पत्ता दिसतो. पत्त्यामागे नाव असते ते देयक भरणाऱ्याचे. म्हणजे शेजाऱ्याचे वायफाय वापरणारा त्याचे नावही वापरत असतो.

म्हणून कर्तव्य दोन्ही बाजूंना आहे. ज्याच्या घरी वायफाय आहे त्याने राउटर मिळाला तेव्हाचा पासवर्ड बदलावा, मोबाइल क्रमांक किंवा मुलांची नावे पासवर्ड म्हणून ठेवू नयेत, ‘डब्ल्यूपीए २’ किंवा ‘डब्ल्यूपीए ३’ ही सुरक्षा निवडावी आणि पाहुण्यांसाठी वेगळे जाळे ठेवावे. शेजाऱ्याचे वायफाय खुले दिसले, तर दार वाजवून त्याला तसे सांगावे. शंखाप्रमाणे हिताचे स्पष्ट बोलणे, हाच शेजारधर्म. आणि कधी अडचण आलीच, मुलाचा परीक्षेचा अर्ज अडला, तर सरळ विचारावे. विरजण मागताना आपण संकोचत नाही, मग येथे का संकोचावे? मागून घेतले, तर त्याला आपल्या घरी येण्याचीही वाट मोकळी होते.

मातांना आणि पित्यांना विशेष विनंती. मुलगा कौतुकाने सांगू लागला, की शेजारच्यांचे वायफाय मला फुकट मिळाले, तर त्याच्या हुशारीची वाखाणणी करू नका. त्याला एवढेच विचारा, ‘काकांना विचारलेस का?’ हा प्रश्न ज्या घरात सहजपणे विचारला जातो, त्या घराला कलम ४३ पाठ करण्याची गरज पडत नाही.