बालकाची बोली आणि यंत्राचा कान

मूल बोलू लागले की घर आनंदून जाते. पण ते वयाच्या मानाने पुरेसे बोलते की नाही, हे केवळ कौतुकाने कळत नाही. त्यास मोजमाप लागते. हार्वर्ड विद्यापीठात रॉजर ब्राउन यांनी १९६२ साली तीन मुलांच्या बोलण्याचा अभ्यास आरंभिला. त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून ते हाताने उतरवून घेण्यात आले. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या ब्राउन यांच्या ग्रंथाने उक्तीची सरासरी लांबी अर्थवाही घटकांत मोजण्याची रीत रूढ केली. रीत उत्तम खरी. परंतु तासाभराचे बोलणे उतरवावयास कित्येक तास खर्ची पडतात.

हे कष्ट आता कृत्रिम बुद्धिमत्ता हलके करू पाहत आहे. यंत्र ऐकते, लिहिते आणि मोजते. मात्र त्याचा कान बहुतांशी प्रौढांच्या बोलण्यावर तयार झालेला असतो. बालकाचा स्वरमार्ग आखूड, आवाज उंच आणि उच्चार अस्थिर. म्हणून तेथे चुका वाढतात.

याहून सूक्ष्म असा एक धोका आहे. एखादे मूल 'केलं' याऐवजी 'करलं' म्हणते. वडीलधारे हसतात, पण ही चूक म्हणजे मुलाला भूतकाळाचा नियम उमगल्याची खूण होय. यंत्र मात्र संभाव्य शब्दाकडे झुकते आणि निमूटपणे 'केलं' असे लिहून मोकळे होते. जो पुरावा शोधावयाचा, तोच अशा रीतीने पुसला जातो.

भाषेचा प्रश्नही आहेच. मराठीत 'घरातल्यांनासुद्धा' हा एकच शब्द अनेक घटक पोटात घेऊन वावरतो. इंग्रजीसाठी ठरविलेल्या शब्दसंख्येच्या मापाने त्याची किंमत होणार नाही. इंदूर किंवा बडोद्याच्या मराठी घरातील मूल घरी एक भाषा बोलते, अंगणात दुसरी. यंत्राने एकच भाषा ऐकली, तर दोन भाषांचे धन बाळगणारे मूल मागासलेले ठरावयाचे. उलट, खरोखर साहाय्य हवे असलेले मूल 'ठीक' असा शेरा मिळून मागे राहिले, तर शिकण्याची मोलाची वर्षे हातची जातात.

म्हणून यंत्राने टिपणे करावीत, निर्णय देऊ नये. मूळ ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकणारा वाचातज्ज्ञ आणि मुलाच्या दोन्ही भाषा जाणणारे आईबाप यांच्याखेरीज कोणतीही मोजणी पुरी होत नाही. मुलाचा आवाज ही त्याची ठेव आहे. ती कोणाकडे आणि किती काळ राहणार, हे पालकांनी आधी विचारून घ्यावे, हेच इष्ट.